मुंबई विमानतळ ते पुणे, चालकासह खासगी गाडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात विमानतळाच्या बुकिंगचे फोन बहुतेक संध्याकाळनंतर येतात. कुणाची मुलगी न्यू जर्सीहून येत असते, कुणाचे आईबाबा सहा महिन्यांनी लंडनहून परतत असतात. गाडी आमच्याकडूनच करा असा आग्रह नाही. पण गाडी कुणाचीही केली तरी पुढच्या गोष्टी आधी ठरवून घ्या, एवढंच मनापासून सांगणं आहे. साधे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर घेतले आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पुण्यात विमानतळ असताना मुंबईहून गाडी कशाला करायची?

लोहगावचा विमानतळ मुळात वायुदलाचा तळ आहे आणि तिथून थेट परदेशी जाणाऱ्या विमानांची संख्या मोजकीच आहे. अमेरिका, युरोपकडून येणारे पुणेकर म्हणूनच बहुधा मुंबईला उतरतात आणि उरलेलं अंतर रस्त्याने कापतात. दिल्लीवरून पुण्याचं जोडविमान सोयीच्या वेळेला मिळत असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील, तर खुशाल तेच घ्या. विचारणाऱ्याला आम्ही फोनवरही हेच सांगतो.

२. शेअर टॅक्सी स्वस्त पडते. मग पूर्ण गाडी का करायची?

एकटे असाल, एकच बॅग असेल आणि दिवसाची वेळ असेल, तर शेअर टॅक्सी किंवा दादरहून सुटणारी एसटीची शिवनेरी यांत काहीही वाईट नाही. शेअर टॅक्सीची अडचण दोन ठिकाणी जाणवते. गाडी भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि पुण्यात शिरल्यावर एकाला पिंपळे सौदागरला, दुसऱ्याला औंधला सोडत सोडत बिबवेवाडीचा माणूस सगळ्यांत शेवटी घरी पोचतो. वीस तासांच्या विमानप्रवासानंतरचा हा तास फार जड जातो.

अॅपवरच्या टॅक्सीचं निराळं आहे. पुणं ऐकल्यावर चालकाने ट्रिप रद्द केल्याची तक्रार आमच्याकडे येणारे बरेच जण करतात. आधी ठरवलेल्या खासगी गाडीत चालकाचं नाव, नंबर, गाडीची पाटी आदल्या दिवशीच हातात असते, आणि तो तुमच्यासाठीच थांबलेला असतो.

३. अंतर किती आणि वेळ किती लागतो?

सहारच्या टर्मिनल २ पासून पुणे शहर साधारण १५० किलोमीटर. हिंजवडी, वाकडला त्याहून थोडं कमी, हडपसरला थोडं जास्त. यातला ९४.५ किलोमीटरचा टप्पा द्रुतगती मार्गाचा, कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत. तो २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला. या टप्प्याचा वेळ बऱ्यापैकी सांगता येतो, त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा सांगता येत नाही.

रात्री दोनला निघालात तर कोथरूडला तीन तासांत पोचता. दिवसा चार तास धरा. शनिवारी सकाळी अर्धी मुंबई लोणावळ्याकडे निघालेली असते, खंडाळ्याच्या घाटात गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात, आणि पाच तासही लागतात. लांब सुट्टीचा पहिला दिवस शनिवारसारखाच समजा.

४. बुकिंग करताना काय काय सांगावं लागतं?

फ्लाइट नंबर, उतरण्याची तारीख आणि वेळ, टर्मिनल, माणसं किती, मोठ्या बॅगा किती, पुण्यातला पूर्ण पत्ता, आणि पुण्यात जागं राहणाऱ्या एका माणसाचा नंबर.

यातल्या तारखेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण गाडी न मिळण्याचं आम्ही पाहिलेलं सर्वांत मोठं कारण तेच आहे. समजा विमान १५ जानेवारीला रात्री १२ वाजून ५५ मिनिटांनी उतरतं. घरातले म्हणतात, "पंधराच्या रात्री गाडी पाठवा." गाडीवाला पंधराला संध्याकाळी निघतो आणि पंधराच्या मध्यरात्री, म्हणजे खरं तर सोळाला, विमानतळावर हजर होतो. प्रवासी चोवीस तास आधीच उतरून गेलेला असतो. यात फसवणूक कुणाचीच नसते. आपण रात्र आदल्या दिवसाला जोडतो आणि विमान कंपनी ती पुढच्या दिवसाला जोडते, इतकंच. म्हणून "चौदा आणि पंधराच्या मधली रात्र" असं बोला आणि फ्लाइट नंबरसकट लिहून पाठवा. अमेरिकेहून निघतानाची तारीख तर सांगूच नका, मुंबईत उतरतानाची सांगा. आम्ही प्रत्येक बुकिंग उलट वाचून दाखवतो. "अहो, कळलं हो" म्हणून काही काका वैतागतात. तरी आम्ही वाचतो.

५. तिकिटावर नुसतं 'मुंबई' लिहिलंय. कुठल्या विमानतळावर गाडी बोलवायची?

पूर्वी हा प्रश्न फक्त टर्मिनलचा होता. टर्मिनल २ सहारला, टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला. परदेशी विमानं टर्मिनल २ वर येतात. देशातली विमानं दोन्हीकडे येतात, त्यामुळे बंगळुरूहून येणाऱ्याने तिकीट बघूनच सांगावं. एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर जायला बाहेरचा रस्ता घ्यावा लागतो.

आता नवी मुंबईचा विमानतळही आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर बीओएम असेल तर जुना विमानतळ, एनएमआय असेल तर नवी मुंबई. ही तीन अक्षरं नक्की वाचा. गाडी सहारला आणि तुम्ही नवी मुंबईच्या उलव्यात अशी चूक झाली, तर रिकाम्या रस्त्यालाही तासभर जातो आणि गर्दीत दोन. नवी मुंबईला उतरणाऱ्या पुणेकरांचा फायदा मात्र आहे. मुंबईची गर्दी पूर्ण टळते आणि द्रुतगती मार्ग जवळच सुरू होतो. भाडंही त्या हिशेबाने कमीच असायला हवं, तेव्हा विचारून घ्या.

६. बाहेर आल्यावर चालक सापडणार कसा? माझ्याकडे भारतातलं सिम नाही.

चालकाने तुमच्या नावाची पाटी घेऊन उभं राहणं ही वेगळी सेवा असते. ती हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. एरवी चालक गाडीसह पार्किंगमध्ये थांबतो आणि फोन आल्यावर भेटायला येतो, कारण टर्मिनलसमोरच्या मार्गिकेत गाडी उभी करून ठेवता येत नाही.

सिम नसेल तर विमानतळाच्या वायफायवर भिस्त ठेवू नका. विमानात बसण्यापूर्वीच चालकाचं नाव, नंबर, गाडीचा नंबर आणि भेटण्याची ठरलेली जागा कागदावर लिहून खिशात ठेवा. ठरलेली जागा म्हणजे "बाहेर पडल्यावर" नव्हे. आगमनाच्या दाराबाहेरची एक नेमकी खूण, खांबाचा किंवा दाराचा नंबर. आणि अडलंच तर शेजारच्या माणसाला एक फोन लावून द्यायची विनंती करा. आजवर आमच्या प्रवाशांना कुणी नाही म्हटलेलं नाही.

७. विमान उशिरा आलं तर थांबण्याचे पैसे पडतात का?

विमानाचा उशीर आणि प्रवाशाचा उशीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्लाइट नंबर दिलेला असेल तर चांगला गाडीवाला विमानाची वेळ बघतच असतो आणि पुण्याहून निघण्याची वेळ पुढे ढकलतो. त्याचे पैसे घेऊ नयेत, असं माझं मत आहे. गाडी पुण्याहून निघून गेल्यावर विमान चार तास लांबलं, तर चालकाची रात्र खर्ची पडते. तिथे काहीतरी देणं रास्त.

विमान उतरल्यानंतर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम यात तास-दीड तास सहज जातो. मध्यरात्री तीन-चार मोठी विमानं एकदम उतरली तर दोन तास. म्हणून 'मोफत थांबण्याची वेळ' विमान उतरल्यापासून मोजणार की तुम्ही दाराबाहेर आल्यापासून, ते विचारा. आम्ही उतरल्यापासून दोन तास धरतो. पार्किंगची पावती कुणाकडे, हेही त्याच दमात विचारून घ्या. बॅग हरवल्यामुळे होणाऱ्या उशिराचं प्रश्न १८ मध्ये आहे.

८. दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला तीनशेचं भाडं का लावतात?

कारण गाडी खरोखरच तीनशे किलोमीटर चालते. पुण्याची गाडी मुंबईला रिकामी जाते आणि तुम्हाला घेऊन येते. मुंबईची गाडी तुम्हाला सोडते आणि रिकामी परतते. जिच्याकडे दोन्ही बाजूंचे प्रवासी आहेत, तिलाच 'एकेरी ड्रॉप' स्वस्तात देता येतो. एखादा फारच कमी दर सांगत असेल, तर त्याच गाडीला दुसऱ्या बाजूचं गिऱ्हाईक आहे की नाही, आणि त्या गिऱ्हाइकाचं विमान लांबलं तर तुमचं काय, ते विचारा.

काही ठिकाणी हिशेब 'गॅरेज ते गॅरेज' असतो, म्हणजे किलोमीटर तुमच्या दारापासून नव्हे, गाडीच्या ठाण्यापासून मोजतात. त्यात चालकाचा भत्ता, रात्रीचा आकार, टोल, पार्किंग वेगळं. आमचा सल्ला असा, की एकच आकडा मागा आणि त्यात काय काय आलं ते लिहून घ्या. आकडे मुद्दाम इथे छापत नाही. इंधनाचे भाव बदलले की हे पान खोटं ठरेल.

टोलचं मात्र सांगतो. द्रुतगती मार्गावर १ एप्रिल २०२३ पासून कारला एका बाजूचे ३२० रुपये असा दर लागू झाला. १ एप्रिल २०२५ पासून तिथे फास्टॅग सक्तीचा आहे, तो नसेल तर दुप्पट भरावे लागतात. हा दुप्पटीचा भुर्दंड गाडीवाल्याचा, तुमचा नव्हे. मुंबईच्या वेशीवरच्या वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर नाक्यांवर हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल माफ आहे. म्हणून बिलात वाशीचा टोल दिसला तर विचारा. अटल सेतूचा टोल वेगळा असतो, पण सहारहून पुण्याला येताना वाशी खाडीपूलच सरळ पडतो. सेतूसाठी शिवडीचा फेरा मुद्दाम घ्यायचं कारण नाही.

९. आम्ही चौघं आहोत. डिझायर चालेल की इनोव्हाच लागेल?

माणसं मोजू नका, बॅगा मोजा. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येकाकडे बहुतेक वेळा २३ किलोच्या दोन मोठ्या बॅगा असतात, वर हातातली एक. दोघांच्या चार मोठ्या बॅगा झाल्या. डिझायरसारखी गाडी सीएनजीची असेल, तर डिकीचा बराचसा भाग टाकीनेच व्यापलेला असतो. तिथे एक मोठी बॅग कशीबशी बसते. फोनवर "डिकी मोठी आहे हो" म्हणणारा बरेचदा टाकीचा उल्लेख करत नाही. सरळ विचारा, "सीएनजी आहे का? कॅरिअर आहे का?" छतावरच्या कॅरिअरवर बॅगा चालतील, पण जून ते सप्टेंबर ताडपत्री आहे ना हे बघा. मुलीच्या लग्नाचे शालू भिजलेले आम्ही पाहिले आहेत.

अर्टिगात सात जागा आहेत, मात्र सातही भरल्या तर मागे बॅगांना जागाच उरत नाही. चार माणसं आणि पाच-सहा मोठ्या बॅगा असतील तर इनोव्हा क्रिस्टा घ्या, मागची रांग उचलून. आठ बॅगा असतील तर इनोव्हाही पुरत नाही. तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर किंवा दोन गाड्या.

गुडघ्याचा त्रास असलेल्यांसाठी एक गोष्ट. इनोव्हा उंच आहे, पायरी मोठी पडते. डिझायर खाली आहे, बसताना बरं, उठताना कठीण. अर्टिगा दोन्हींच्या मध्ये. गुडघा बदललेल्या आजींसाठी आम्ही एक छोटा पाट गाडीत ठेवतो, चढायला बरा पडतो.

१०. रात्रीचा प्रवास सुरक्षित आहे का? चालकाला झोप लागली तर?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो विचारणारे फार थोडे. गाडी कुठली, एसी चालतो का, बाटलीबंद पाणी मिळेल का, हे सगळे विचारतात. चालक कधी झोपला होता हे कुणी विचारत नाही.

मी या धंद्यात येण्यापूर्वीची गोष्ट आहे. माझ्या मावशीला आणायला आम्ही दुसरीकडून एक गाडी केली होती. पहाटे साडेचारला, लोणावळा मागे पडून तळेगावच्या अलीकडे, गाडी कडेच्या कठड्याला घासली. कुणाला लागलं नाही. चालकाने हात जोडून सांगितलं, की तो आदल्या पहाटेपासून गाडीवर होता. नाशिकहून आला, दुपारी दोन तास पडला आणि लगेच मुंबईला निघाला. मावशी त्याला रागावली नाही. मला म्हणाली, "तू त्याला विचारलं होतंस का?" मी विचारलं नव्हतं.

हिशेब करून बघा. रात्री एकच्या विमानासाठी पुण्याचा चालक संध्याकाळी निघतो. साडेतीन-चार तास चालवतो, पार्किंगमध्ये थांबतो, आणि मग पहाटे तीन ते सहा, जेव्हा झोप सर्वांत गाढ असते, तेव्हा तुम्हाला घेऊन परततो. दुपारपर्यंत त्याने दुसरी ट्रिप केली असेल, तर हा माणूस जागा राहणं अवघडच. घाटात वळणं असतात, हात चालू राहतात. आमच्या अनुभवात घाट संपल्यानंतरचा सरळ रस्ता जास्त धोक्याचा.

मोटार परिवहन कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती. पण स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला रोखणारं कुणी नसतं. हप्ता भरायचा असतो, आलेली ट्रिप सोडवत नाही. म्हणून विचारण्याचं काम तुमचं. "चालक चांगला आहे ना?" असं विचाराल तर "हो" हेच उत्तर येणार. त्याऐवजी "आज सकाळपासून गाडी कुठे होती? हाच चालक होता का?" असं विचारा. आमच्याकडे रात्रीच्या विमानाला जाणारा चालक त्या दिवशी दुसरी ट्रिप करत नाही, आणि लवकर पोचून दोन-तीन तास गाडीतच झोपतो. त्यामुळे आमचा दर थोडा जास्त आहे. तो कमी करता येत नाही.

प्रवासात लक्ष ठेवा. खिडकी पुन्हा पुन्हा खाली होते, वेग विनाकारण वरखाली होतो, गाडी पट्ट्यावर सरकते, ही झोपेची लक्षणं. तेव्हा गप्पा मारून भागत नाही. पुढच्या फूड मॉलवर गाडी घ्यायला सांगा, चहा पाजा, वीस मिनिटं झोपू द्या. चालक स्वतःहून कधी म्हणणार नाही, त्याला वाटतं गिऱ्हाईक चिडेल. तुम्ही म्हटलंत तर त्याला हायसं वाटतं.

११. विमानतळाबाहेर "पुणे, पुणे" म्हणणाऱ्यांच्या गाडीत बसावं का?

नको. आधी पाटी बघा. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. आधी ठरवलेल्या गाडीच्या जागी ऐनवेळी "ती बिघडली, ही घ्या" म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी आली, तरी हेच उत्तर.

१२. आगाऊ किती द्यायचे? रद्द केलं तर परत मिळतात का?

थोडी रक्कम आधी आणि बाकी घरी पोचल्यावर, ही रीत चांगली. पूर्ण पैसे आधी मागणाऱ्याला नकार द्या. इंटरनेटवर सापडलेल्या अनोळखी नंबरला, तोही कुणाच्या वैयक्तिक खात्यावर, आगाऊ पाठवू नका. पावती आणि चालकाचा तपशील कधी मिळणार, ते आधी विचारा. गाडी पुण्याहून निघण्यापूर्वी रद्द केलं तर आम्ही आगाऊ परत करतो, निघाल्यावर नाही.

डॉलर घेऊन चालक काय करणार? भारतातलं यूपीआय नसेल तर पुण्यातल्या नातेवाइकाने भरलेलं बरं. कंपनीकडून पैसे परत घ्यायचे असतील तर जीएसटीचं बिल लागेल असं आधीच सांगा. ट्रिप संपल्यावर बिल 'बनवून' मिळत नाही.

१३. आईबाबा दोघंच येत आहेत. मी अमेरिकेत आहे. काय काळजी घेऊ?

व्हीलचेअर विमान कंपनीकडे नोंदवा, तिकिटासोबतच. म्हणजे मदतनीस त्यांना इमिग्रेशन, बॅगा करून बाहेरपर्यंत आणतो. गाडीवाला आत जाऊ शकत नाही, हे आईबाबांनाही सांगून ठेवा. काही आजोबा आतच चालकाला शोधत बसतात. अशा बुकिंगला पाटी घेऊन उभा राहणारा चालकच मागा (प्रश्न ६).

व्हॉट्सअॅपवर एक गट करा: तुम्ही, पुण्यातलं कुणी, आम्ही. बॅगा गाडीत ठेवल्या, टोल ओलांडला, घरी पोचले, असे तीन निरोप पुरतात. दर दहा मिनिटांनी चालकाला फोन करू नका, तो गाडी चालवतोय. आणि सोसायटीच्या रखवालदाराला आदल्या रात्री सांगून ठेवा. पहाटे पाचला गेट उघडत नाही म्हणून थकलेली माणसं गाडीत बसून राहतात, हे फार वाईट वाटतं.

१४. मी बाई, एकटी, मध्यरात्री उतरणार आहे.

गाडीचा नंबर आणि चालकाचा फोटो आधी मागा, तो मागण्यात संकोच नको. बसण्यापूर्वी पाटी जुळवा, घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा, मागच्या सीटवर बसा. गाडीत चालकाचा "मित्र" बसलेला असेल तर बसू नका, आम्हाला फोन करा. अडचण आली तर ११२. चालकाच्या झोपेचा प्रश्न (प्रश्न १०) तुम्हीही विचाराच.

१५. बाळासाठी सीट मिळते का?

सांगितल्याशिवाय नाही, आणि बहुतेक गाडीवाल्यांकडे नसतेच. तुमची स्वतःची विमानातून आणत असाल तर बुकिंगला सांगा, गाडीत ती बांधायची सोय आहे का ते पाहून गाडी पाठवू. मागच्या सीटवरच्या मोठ्यांनीही पट्टा लावायचा आहे. कव्हराखाली दडलेले पट्टे आधी वर काढून ठेवायला चालकाला सांगा.

१६. वाटेत थांबता येतं का? एकाला वाकडला आणि एकाला सिंहगड रोडला सोडायचंय.

चहा, नाश्ता, स्वच्छतागृह यासाठी थांबण्याचे वेगळे पैसे नसतात. खालापूरचा फूड मॉल सोयीचा पडतो, कारण पुढे घाट लागतो. वाकड ते सिंहगड रोड बाह्यवळण रस्त्यावरच आहे, चांदणी चौकातून पुढे सरळ. एवढ्यासाठी कुणी जास्त मागू नये. वाकड आणि खराडी मात्र शहराची दोन टोकं, तिथे जादा पडणार. लोणावळ्यात मावशीकडे तासभर, हे आधी सांगा, द्रुतगती मार्ग सोडून आत जावं लागतं.

१७. उलट दिशेने, पुण्याहून मुंबईला. रात्री दोनच्या विमानाला किती वाजता निघू?

संध्याकाळी पाचला. विमान कंपन्या तीन तास आधी यायला सांगतात, म्हणजे अकरा. रस्त्याचे चार तास. उरलेले दोन तास राखीव, आणि ते वाया जात नाहीत. हिंजवडी-वाकडची संध्याकाळ आणि शीव-पनवेल रस्ता मिळून ते खाऊन टाकतात. रविवारी तिनालाच निघा, कारण लोणावळ्याहून परतणारी मुंबई तुमच्याच बाजूला असते. लवकर पोचून टर्मिनलवर बसावं लागलं अशी तक्रार कुणी केली, तर मला आनंदच होतो.

१८. बॅग आलीच नाही. गाडी थांबेल का?

थांबेल. पण आधी आतल्या आत विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. एकदा बाहेर पडलात की परत आत जाणं कठीण. यात तास जातो. आत असतानाच चालकाला किंवा आम्हाला कळवा, म्हणजे चालक तेवढा वेळ झोपतो. पत्ता पुण्याचा लिहा, बॅग घरपोच मागा.

१९. पावसाळ्यात घाट बंद झाला तर?

जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली होती, तेव्हापासून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. द्रुतगती मार्ग बंद असेल तर जुना महामार्ग पहिला पर्याय. तोही तुंबला तर कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, नारायणगाव असा लांबचा वळसा. रात्री आणि मुसळधार पावसात माळशेजने मी गाडी पाठवत नाही. त्यापेक्षा पनवेलला खोली घेऊन उजाडू द्यावं. वळशाचे किलोमीटर तुमच्या खात्यात, थांबण्याचा भत्ताही. हे बुकिंगच्या वेळीच बोललेलं असलं की पहाटे रस्त्यात वाद होत नाही. कामासाठी घेतलेले एक-दोन तासांचे वाहतूक ब्लॉक आधी जाहीर होतात, तेवढे आम्ही पाहून ठेवतो.

विमानच मुंबईऐवजी अहमदाबादला उतरलं तर घाई करून गाडी रद्द करू नका. पुष्कळदा तेच विमान काही तासांनी मुंबईला येतं. विमान कंपनी काय करणार हे कळल्यावर फोन करा.

२०. गणपतीत किंवा पालखीच्या दिवशी येतोय. घरापर्यंत गाडी येईल का?

पेठांमध्ये राहत असाल तर अनंत चतुर्दशीला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नाही. गाडी जिथपर्यंत येईल तिथे दोन तरुण हात बॅगांसाठी बोलावून ठेवा. आषाढात तुकोबारायांची पालखी आकुर्डीहून जुन्या महामार्गानेच पुण्यात येते. त्या दिवशी निगडीकडे न वळता बाह्यवळणानेच या.

२१. वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालंय. मागची सीट आडवी करून झोपवून आणता येईल का?

नाही. ज्यांना बसून प्रवास करता येत नाही किंवा ऑक्सिजन लागतो, त्यांच्यासाठी रुग्णवाहिका करा. आमच्या चालकाला गाडी चालवता येते, रुग्ण सांभाळता येत नाही.

२२. पुण्याला न थांबता त्याच गाडीने कोल्हापूरला जाता येईल?

दिवसा उतरत असाल तर हो. मध्यरात्री उतरून थेट कोल्हापूर म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, तेही त्याच चालकाने, जो संध्याकाळी पुण्याहून निघालाय. प्रश्न १० वाचलात तर आमचं उत्तर कळेल. यावर दोन मार्ग आहेत. एक, पुण्यात चालक बदलतो, गाडी तीच राहते, बॅगा हलवाव्या लागत नाहीत. दुसऱ्या चालकाचा भत्ता वेगळा पडतो. दोन, पुण्यात कुणाकडे तरी सकाळपर्यंत विसावा घ्या आणि नाश्ता करून नऊला निघा. दुसरा स्वस्त पडतो. पण यातलं काय हवं ते विमानात बसण्यापूर्वीच सांगा, कारण पहाटे चारला बदली चालक उठवून आणता येत नाही, त्याला आदल्या दुपारी झोपवावं लागतं.